सिप्पी कप कधी, कोणता, आणि मुळात हवाच का?

सुदामानगरची_आई

नमस्कार मंडळी. लेकीला सहा महिने पूर्ण झाले. उष्टावण झालं, मऊ भात, मुगाचं कढण, नाचणीची पेज असं थोडंथोडं सुरू आहे. आजवर फक्त अंगावरचं दूध, बाटली तिने कधी घेतलीच नाही. माझी २६ आठवड्यांची रजा संपली, तिला जोडून घेतलेली रजाही आता संपत येईल. मग ती ऑफिसजवळच्या झूलाघरात, म्हणजे पाळणाघरात, राहील. तिथल्या ताईंनी सांगितलंय, "बाटली घेत नसेल तर सिप्पी कप शिकवून पाठवा, न सांडणारा."

त्यापायी घरात दोन सिप्पी कप आले. एक कडक चोचीचा, एक मऊ सिलिकॉनच्या चोचीचा. दोन्ही ती चावते, हिरड्या घासते, पण ओढत नाही. सासूबाई म्हणतात बोंडलं काढू, यांच्या वेळचं चांदीचं ठेवलंय. आई ठाण्याहून फोनवर सांगते, वाटी-चमचा बरा. नणंदेचं म्हणणं, वर्षाच्या आत कपाच्या फंदात पडूच नकोस. आणि इंदुरात एप्रिलमध्येच पारा चाळिशीकडे निघालाय, त्यामुळे जो येतो तो विचारतो, "पाणी देतेस ना गं पोरीला?"

पाणी किती द्यायचं, कशातून द्यायचं, आणि झूलाघरात दूध कशातून पाजायला सांगायचं? ज्यांनी यातून मुलं काढली आहेत त्यांनी प्लीज लिहा.

निंबोणी

अभिनंदन उष्टावणाबद्दल! कप सुरू करायला हीच वेळ योग्य आहे. साधारण सहाव्या महिन्यात, बाळ आधाराने बसायला लागलं, मान धरली, वरचं खाणं सुरू झालं की कपाची ओळख करून द्यायची. वर्षापर्यंत थांबायची काही गरज नाही. उलट वर्षाचं मूल हट्टी होतं, सहा-सात महिन्यांचं कुतूहलाने तोंड पुढे करतं.

पाण्याचं: सहा महिन्यांपर्यंत एक थेंब लागत नाही, उन्हाळ्यातसुद्धा. आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं. जागतिक आरोग्य संघटनाही पहिले सहा महिने निव्वळ आईचं दूध सांगते. आता वरचं खाणं सुरू झालंय म्हणून जेवणाबरोबर काही घोट द्यायचे. सहा ते बारा महिन्यांत दिवसभराचं मिळून १२० ते २४० मिलिलिटर पाणी पुरे, आणि सुरुवातीला तर त्याहून कमीच पोटात जाईल. पाण्याने पोट भरलं तर दूध कमी प्यायलं जातं, आणि या वयात खरं पोषण दुधातूनच होतं. उकळून गार केलेलं पाणी द्या, नर्मदेचं असो, बोरिंगचं असो की आरओचं.

रेवातीर

अगं, बोंडल्याला नाही म्हणू नकोस. माझी दोन्ही मुलं आणि आता नातू, सगळ्यांना लोकमान्य नगरातल्या याच घरात बोंडल्याने पाजलं. पण आमच्या सासूबाईंची पद्धत मला आवडायची नाही. बाळाला पायांवर आडवं घ्यायचं, गाल दाबायचे आणि धार सोडायची. मूल ठसकलं की म्हणायचे, "लाग लागली, पाठ चोळा." ते चुकीचंच. नातवाच्या वेळी सुनेला डॉक्टरांनी नीट दाखवलं. बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, बोंडल्याचं टोक खालच्या ओठावर कडेला टेकवायचं आणि थेंब थेंब सोडायचं. बाळाने गिळलं की पुढचा थेंब. कमी दिवसांच्या बाळांना, ज्यांना ओढायची ताकद नसते, त्यांना दवाखान्यातही अशाच चोचीच्या भांड्याने किंवा वाटीने पाजतात.

एक मात्र खरं, बोंडल्यात सगळं पाजणाऱ्याच्या हातात असतं. तुझी लेक आता सहा महिन्यांची झाली, तिला स्वतः प्यायचंय. बोंडलं लहान बाळाचं. तिला आता पेलाच दे. आणि ते चांदीचं बोंडलं वापरायचंच असेल तर चोचीच्या आत बारीक ब्रश जातोय का बघ. आत दुधाचा थर साचतो आणि बाहेरून भांडं लख्ख दिसतं.

अक्षरगंध

मी स्पीच थेरपिस्ट आहे, लहान मुलांच्या खाण्यापिण्याच्या अडचणींवर काम करते. जरा सविस्तर लिहिते.

लेक चोच चावते यात काहीच बिघडलेलं नाही. या वयात हाती लागेल ते चावून बघायचं असतं. शिवाय न सांडणाऱ्या कपात आत एक झडप असते. जोर लावून ओढल्याशिवाय ती उघडत नाही. तिने दोनदा ओढून बघितलं असेल, काही आलं नाही, विषय संपला. तुमच्या कपातली झडप काढून बघा. ती निघाली की चोचीतून पाणी आपोआप थेंबथेंब येतं आणि बाळाला कळतं की यात प्यायचं काहीतरी आहे.

आता मुद्द्याचं. अंगावर पिताना बाळाची जीभ पुढे-मागे हलते आणि दूध ओढते. पुढे घन खाणं वाढतं तसं गिळणं बदलतं. जिभेचं टोक वर उचललं जातं, वरच्या दातांमागच्या उंचवट्याला टेकतं आणि घास मागे जातो. त, द, न, ल म्हणताना आपली जीभ जिथे जाते त्याच परिसरात. कडक चोच नेमकी जिभेच्या टोकावर येऊन बसते, मग टोकाला वर जायला जागाच राहत नाही. म्हणजे कप बदलला तरी पिण्याची तऱ्हा बाटलीचीच राहते. उघड्या पेल्यातून किंवा स्ट्रॉने पिताना ओठ मिटावे लागतात, जीभ मागे राहते आणि गिळणं मोठ्या माणसासारखं होत जातं.

सिप्पीमुळे मूल उशिरा बोलतं असं काही जण छातीठोकपणे सांगतात. तसं सिद्ध झालेलं नाही, तेव्हा ती भीती कुणी घेऊ नका. गाडीत, बागेत, अधूनमधून वापरला तर वापरला. दिवसभर तोच तोंडात आणि दोन-अडीच वर्षांपर्यंत तोच, याला मात्र माझा विरोध आहे.

उघड्या पेल्याने कसं शिकवायचं ते सांगते. बाळाला ताठ बसवा, पाठीला आधार हवा. हनुवटी किंचित खाली असू द्या. पेला लहान घ्या आणि तो काठाजवळपर्यंत भरा. बहुतेक जण सांडेल म्हणून तळाशी घोटभर पाणी घालतात आणि तिथेच गाडी अडते, कारण तळातलं पाणी ओठांपर्यंत आणायला पेला खूप कलवावा लागतो, बाळाची मान मागे जाते आणि ठसका लागतो. भरलेला छोटा पेला जेमतेम कलवला की पाणी ओठाला लागतं. काठ खालच्या ओठावर टेकवा, दातांमध्ये नाही. पाणी वरच्या ओठाला लागलं की थांबा. ओतू नका. ती ओठ मिटेल, एक घोट आत घेईल. लगेच पेला सरळ करा, तिला गिळू द्या, मग दुसरा घोट. सुरुवातीला निम्म्याहून जास्त लाळेऱ्यावरच जाणार.

पाण्याने गोंधळ होत असेल तर पातळ पेजेपासून किंवा कढणापासून सुरू करा. दाट पदार्थ सावकाश वाहतो, बाळाला सावरायला वेळ मिळतो.

अधूनमधून ठसका लागणं शिकण्याचा भाग आहे. पण प्रत्येक घोटाला ठसका, प्यायल्यावर आवाज ओला-घोगरा होणं, ओठ निळसर दिसणं, वारंवार छाती भरणं असं काही दिसलं तर कप बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

चिमणचारा

अक्षरगंध ताई, स्ट्रॉ कधी आणि कसा? माझा आठ महिन्यांचा आहे, स्ट्रॉ पकडून फक्त वाजवतो.

अक्षरगंध

साधारण आठव्या-नवव्या महिन्यात बऱ्याच मुलांना जमतं. स्ट्रॉ पाण्यात बुडवा, वरचं टोक बोटाने बंद करा, म्हणजे आत थोडं पाणी अडकून राहतं. तो स्ट्रॉ त्याच्या ओठांत द्या. त्याने ओठ मिटले की बोट उचला, पाणी तोंडात येईल. दोन-चार वेळा असं झालं की तो स्वतःच ओढायला लागतो. मग ग्लासातला स्ट्रॉ पुढे करा. बाजारात दाबल्यावर पाणी वर चढणारे मऊ कपही मिळतात, त्यांनीही लवकर जमतं, फक्त फार जोरात दाबायचं नाही.

स्ट्रॉचं टोक ओठांच्या आत अगदी थोडंसंच जायला हवं. लांब स्ट्रॉ मुलं जिभेवर खोलवर ठेवतात आणि परत बाटलीसारखंच चोखतात. म्हणून स्ट्रॉ आखूड ठेवा.

भुईचाफा

प्लॅस्टिक नकोच म्हणते मी. राजवाड्यामागे बर्तन बाजारात तांब्याचे इतके गोड छोटे पेले मिळतात! रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी बाळाला द्यायचं. आमच्याकडे मोठे सगळे तांब्याचंच पाणी पितो.

आरोग्यदूत

भुईचाफा, मोठ्यांचं मोठ्यांपाशी, पण बाळासाठी तांब्याचा पेला नको. दुधासाठी तर अजिबात नको. हे आवर्जून सांगतोय, कारण आपल्याकडे याचा मोठा इतिहास आहे. इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस नावाचा यकृताचा आजार होता. एक ते तीन वर्षांच्या मुलांचं पोट फुगायचं, यकृत दगडासारखं टणक व्हायचं आणि बरीचशी मुलं दगावायची. त्यांच्या यकृतात तांब्याचं प्रमाण बेसुमार सापडायचं. पुण्यात काम करणाऱ्या डॉक्टरांचा १९८३ साली 'लॅन्सेट'मध्ये लेख आला. कल्हई नसलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यांत तापवलेलं आणि साठवलेलं दूध लहानपणीच सुरू झालेलं असणं आणि हा आजार यांचा संबंध त्यात दाखवला होता. दूध धातूतलं तांबं उचलतं. पुढे घराघरांत स्टील आलं, लोकांना समजावलं गेलं आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. आमच्या आधीच्या पिढीतल्या डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिलंय.

बर्तन बाजारात जाच, पण स्टीलचं छोटं फुलपात्र आणा. काठ बाहेर वळवलेला, गोल हवा. पातळ पत्र्याचा सरळ कापलेला काठ ओठाला लागतो. बोट फिरवून बघायचं आणि मग घ्यायचं. चांदीची वाटी बारशाला आलेली असेल तर तीही चालते.

प्लॅस्टिकचं म्हणाल तर त्यात बीपीए, म्हणजे बिस्फेनॉल-ए हे रसायन, नको. अमेरिकेत २०१२ साली दुधाच्या बाटल्या आणि सिप्पी कप या दोन्हींतून तो बाद झाला. पण पुड्यावर 'बीपीए फ्री' लिहिलंय म्हणून त्यात उकळतं पाणी ओतायचं असं नाही. गरम दूध आधी स्टीलच्या भांड्यात कोमट करा, मग कपात घाला.

मालवी_माणूस

धागा वाचून राहिलोय, फार कामाचा आहे. आमचा प्रश्न थोडा पुढचा. मुलगा सोळा महिन्यांचा, दिवसा सिप्पीतून पाणी पितो, जेवणही बरं आहे. पण रात्री झोपताना दुधाची बाटली हवीच. तोंडात बाटली असतानाच झोपतो. घरचे म्हणतात, "मोठा झाला की सोडेल आपोआप." सोडतात का खरंच? की आता सिप्पीतून दूध देऊन झोपवू?

खडीसाखर

मी दंतवैद्य आहे, मुलांचे दात बघते. थांबू नका, आत्ताच सुरुवात करा. बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान बाटली सुटायला हवी. आणि झोपताना बाटलीऐवजी सिप्पी दिला तर दातांच्या दृष्टीने काहीच बदललेलं नसतं.

जागेपणी लाळ सतत येत असते, तोंड धुतलं जातं. झोपेत लाळ कमी होते, गिळणं कमी होतं आणि वरच्या पुढच्या दातांभोवती दूध साचून राहतं. खालच्या दातांवर जीभ असते म्हणून ते बचावतात. म्हणून अशी कीड वरच्या पुढच्या चार दातांवर आधी दिसते. उद्या सकाळी उजेडात त्याचा वरचा ओठ उचलून बघा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसते का? ती पहिली खूण. त्या पायरीवर थांबवता येतं. पिवळी-तपकिरी झाली की मग उपचारच.

दिवसा सिप्पी हातात घेऊन घोट घोट दूध किंवा सरबत पीत फिरणंही तितकंच वाईट. दर घोटानंतर तोंडात आम्ल तयार होतं आणि दातांना सावरायला वेळ मिळत नाही. दूध जेवणाच्या वेळी, बसून, प्यायचं आणि कप उचलायचा. मध्ये तहान लागली तर साधं पाणी.

बाटली सोडवताना दुपारची आधी बंद करा, मग संध्याकाळची, आणि रात्रीची सगळ्यात शेवटी. रात्रीचं दूध बंद नका करू, जागा बदला. दिवे चालू असताना, स्वयंपाकघरात बसून, पेल्यातून दूध. मग दात घासणे, मग गोष्ट, मग अंथरूण. पहिला दात आल्यापासून तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची टूथपेस्ट लावायची आणि वर्षाच्या आत-बाहेर एकदा दंतवैद्याला दाखवायचं. रडेल, चार रात्री जड जातील. आजी-आजोबांना आधी विश्वासात घ्या, कारण रात्री दोनला बाटली भरून देणारे तेच असतात.

आणि दूध किती पितो? वर्षानंतर दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास पुरे. त्याच्या फार वर गेलं की जेवण घटतं आणि लोह कमी पडतं. दुधात लोह नगण्य असतं. फिकट, चिडचिडी, सारखं दूध मागणारी मुलं माझ्याकडे दातांसाठी येतात आणि मी त्यांना आधी रक्त तपासायला पाठवते.

मालवी_माणूस

आत्ताच टॉर्च लावून बघितलं. पांढरी रेघ आहे, दोन दातांवर. तपकिरी नाही. उद्याच अपॉइंटमेंट घेतो. आणि आमच्याकडे दूध लिटरभर तरी जातंय, म्हणून जेवणाची बोंब आहे तर!

घड्याळकाटे

सगळं पटतंय, तरी सिप्पीच्या बाजूने लिहिते, कारण हा धागा वाचून एखादी आई रात्री रडत बसायला नको. मी विजय नगरला शिफ्टमध्ये काम करते, नवरा बाहेरगावी, मुलगी झूलाघरात. तिथे एका ताईंकडे सहा-सात मुलं. त्या प्रत्येकाला मांडीवर घेऊन फुलपात्राने घोट घोट पाजतील ही अपेक्षाच चूक आहे. सांडलं की कपडे बदला, गादी वाळवा, वर कूलरच्या वाऱ्यात ओलं मूल. तिथे न सांडणारा कप लागतो, आणि तो असल्याने माझी मुलगी भर उन्हाळ्यात पुरेसं पाणी प्यायली. घरी आल्यावर आम्ही पेल्याने द्यायचो. दोन्ही जमलं तिला. सिप्पी म्हणजे विष असल्यासारखं बोलू नये.

अक्षरगंध

तुमचं अगदी बरोबर आहे आणि तुम्ही केलंत तसंच मी सांगेन: घरी पेला, बाहेर झाकणाचा कप. फक्त झाकणाचा घ्यायचाच तर चोचीपेक्षा स्ट्रॉचा घ्या. तोही सांडत नाही. दुकानात एक परीक्षा करता येते, कप उलटा करून हलवायचा. एक थेंबही पडत नसेल तर आत कडक झडप आहे, ओढायला बाळाचा जीव जाईल. थेंब थेंब पडत असेल तर तो शिकण्यासाठी चांगला. झूलाघरात आधी थेंब पडणारा द्या, चांगलं ओढता आलं की मग पूर्ण बंद होणारा.

निंबोणी

आणि कोणताही कप असो, बसून. चालता चालता तोंडात कप नको. अमेरिकेत १९९१ ते २०१० या काळातल्या इमर्जन्सी विभागातल्या नोंदींवरून अंदाज काढला होता. बाटली, चोखणी आणि सिप्पी कप यांच्यामुळे तीन वर्षांखालच्या सुमारे ४५ हजार मुलांना इजा झाल्या होत्या. बहुतेक जण ती वस्तू तोंडात असताना पडले होते, आणि सर्वात जास्त होती एक वर्षाची, म्हणजे नुकतीच चालायला लागलेली मुलं. ओठ, हिरड्या, टाळू, तिथेच लागतं. आमच्याकडे मी नियमच केला होता, कप जमिनीवरच्या चटईवर मिळेल, हातात घेऊन कुठे जायचं नाही.

सुदामानगरची_आई

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू! झडप काढून बघितली. चोचीतून पाणी आलं तसं तिने डोळे मोठे केले आणि परत तोंड पुढे केलं. पण खरी गंमत फुलपात्राची. सासूबाईंनी देव्हाऱ्याशेजारच्या फडताळातून बोटभर उंचीचं स्टीलचं फुलपात्र काढून दिलं, काठ छान वळवलेला आहे. काठोकाठ भरून ओठाला लावलं. ती दोन्ही हातांनी ते पकडते, नाक आत घालते, आणि एक घोट नक्की घेते. तिला आपलं भांडं आवडलंय.

आता दोन शंका. झडप धुताना तिच्या फटीत पांढरा कडक थर दिसला, आमच्याकडे बोरिंगचं पाणी आहे. तो कसा काढायचा? आणि मामंजींचा फार आग्रह आहे की कपात थोडा उसाचा रस द्यावा, उन्हाळा आहे म्हणून. परवा तर म्हणाले, सराफ्यात गेलो की शिकंजीचं बोट चाटवतो.

चिमणचारा

थर क्षारांचा आहे. तो साचला की झडपेची फट नीट मिटत नाही आणि मग 'न सांडणारा' कप सांडायला लागतो. गरम पाण्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून झडप अर्धा तास बुडवून ठेवा, बोटांनी चोळा, मग साध्या पाण्यात उकळा. सिलिकॉनला उकळल्याने काही होत नाही. पण खरं लक्ष काळ्या ठिपक्यांकडे द्या. झडपेच्या घडीत, झाकणाच्या खाचेत, स्ट्रॉच्या वाकणात दूध राहिलं की बुरशी धरते. रोज प्रत्येक भाग सुटा करून धुवायचा, आणि जोडून न ठेवता उघडा वाळवायचा. ज्या कपाचे भाग सुटत नाहीत तो घेऊच नये. ठिपके गेले नाहीत तर झडप फेकून नवी लावायची.

आरोग्यदूत

मामंजींना प्रेमाने पण ठाम सांगा. वर्षाच्या आत फळाचासुद्धा रस नको, मग गाड्यावरचा उसाचा रस तर लांबच, त्यात बर्फ आणि पाणी कुठलं हेही माहीत नसतं. आपली इंदुरी शिकंजी म्हणजे आटवलेलं दूध, साखर आणि सुकामेवा. दोन वर्षांपर्यंत वरून साखर घातलेलं काहीच न दिलेलं उत्तम. मध वर्षाच्या आत अजिबात नको, चाटण म्हणूनही नाही, त्यातून बॉट्युलिझम हा जिवाणूंच्या विषाने होणारा गंभीर आजार होऊ शकतो. गाई-म्हशीचं दूध, सांचीच्या थैलीचं असो की गवळ्याचं, वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून नको. कपात दोनच गोष्टी: पाणी, आणि तुमचं काढलेलं दूध. मामंजींना कामच द्यायचं तर संध्याकाळचं फुलपात्र त्यांच्या हातून पाजा. आजोबांना नातीला काहीतरी द्यायचं असतं, ते पाणी असलं तरी चालतं.

घड्याळकाटे

सुदामानगर ताई, एक विचारते. तुमच्या ऑफिसात पन्नास किंवा जास्त माणसं आहेत का? मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, २६ आठवडे त्यातलेच. त्याच दुरुस्तीत पन्नासपेक्षा कमी नसतील अशा ठिकाणी पाळणाघराची सोय द्यायला सांगितलंय आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं, विश्रांतीची वेळ त्यातच धरून. झूलाघर ऑफिसजवळच आहे म्हणता, तर एचआरला लेखी विचारा. दिवसात दोनदा जरी जाऊन अंगावर पाजता आलं तरी कपातून किती दूध जातंय याची काळजी निम्मी होईल.

सुदामानगरची_आई

माणसं पन्नासच्या वर आहेत. हे कुणी सांगितलंच नव्हतं, उद्या मेल करते.

झूलाघरातल्या ताईंशी आज बोलून आले. स्ट्रॉचा कप चालेल म्हणाल्या, आणि जेवणाच्या वेळी स्वतः फुलपात्राने पाजून बघायला तयार झाल्या. त्यांना हिंदीतच चिठ्ठी देणार आहे, मजकूर असा आहे, काही राहिलं असेल तर सांगा: बसवूनच पाजायचं, आडवं घेऊन नाही. फुलपात्र पूर्ण भरायचं, ओतायचं नाही, तिने ओठ मिटेपर्यंत थांबायचं. पाणी फक्त जेवणाबरोबर. दूध फ्रीजमध्ये ठेवलेल्या डब्यातलं, वाटीतल्या गरम पाण्यात डबा ठेवून कोमट करायचं, गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये नाही. साखर, रस, बिस्किट बुडवलेलं दूध काही नाही. झोपताना तोंडात कप नाही. नको म्हणून तोंड फिरवलं तर जबरदस्ती नाही.

रेवातीर

छान लिहिलंस. शेवटचं वाक्य सगळ्यात वर घाल गं, बायका घाईत पहिल्या दोनच ओळी वाचतात.

आरोग्यदूत

दुधाबद्दल एक भर. काढलेलं दूध पंचवीस अंशांच्या आतल्या खोलीत चार तास टिकतं असं सांगतात, पण आपल्याकडे मे महिन्यात खोली त्याहून बरीच तापलेली असते. म्हणून घरून निघताना बर्फाच्या पिशव्यांसह डब्यात, आणि तिथे पोचल्याबरोबर फ्रीजमध्ये, दारात नाही, आतल्या बाजूला. डब्यावर तारीख टाका. फ्रीजमध्ये चार दिवस चालतं, पण तुम्ही रोजचं रोज द्या. आणि चिठ्ठीत एवढी ओळ वाढवा: कपात तोंड लावून उरलेलं दूध दोन तासांच्या आत संपवायचं, नाहीतर ओतून टाकायचं, परत फ्रीजमध्ये ठेवायचं नाही.